मधल्या रांगेतली शेवटची जोडी

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कॉलेजनं मला बोलावून शाल आणि नारळ दिला. अशा शाली माझ्याकडं आता अकरा झाल्या आहेत. एकही अंगावर घेण्याजोगी नाही, सगळ्या टोचतात. नारळ मात्र चांगला निघाला, त्याची चटणी केली. सूत्रसंचालन एक तरुण प्राध्यापक करत होता. त्याला प्राणिशास्त्रातलं काय येतं मला ठाऊक नाही, पण शेर बरेच पाठ होते. तो माइकवर म्हणाला की ह्याच विभागात जगाला अज्ञात असलेली एक माशी शोधली गेली, तिला संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष आबासाहेब यांचं नाव देण्यात आलं, आणि त्या ऐतिहासिक संशोधनाच्या साक्षीदार सुनंदा मॅडम आज आपल्यात आहेत. टाळ्या झाल्या. मीही उठून हात जोडले. सत्तरी जवळ आली की खोटं ऐकून उठून हात जोडायची सवय लागते, गुडघे कितीही दुखत असले तरी. घरी आल्यावर मात्र ती चटणी गोड लागली नाही. कारण ती माशी कधी नव्हतीच. ती मी तयार केली होती, कोमट पाण्यात, रंगाच्या ब्रशानं.

आमचं घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत, खाली अण्णांची गुळाची अडत आणि वर आम्ही. सकाळी जाग यायची ती हमालांच्या आरोळ्यांनी आणि ढेपा जमिनीवर टेकल्याच्या दबक्या आवाजानं. सौद्याच्या वेळी तर खाली अशी कालवाकालव चालायची की आईला ‘मीठ दे’ म्हणायचं तरी ओरडून म्हणावं लागे. गुळाचा वास भिंतींत, अंथरुणात, वह्यांत. माझी वही वर्गात उघडली की शेजारची मुलगी नाक पुढं करून हुंगायची. घरात कांदा-लसूण नव्हता, बटाटा नव्हता, पण आईच्या आमटीला जी चव होती ती मला नंतर कुठल्याही हॉटेलात मिळाली नाही. जोंधळ्याची भाकरी, वर तुपाची धार, बाजूला वाटीत काकवी, आणि हे सगळं दिवस मावळायच्या आत. उन्हं तिरपी झाली की आईच्या हातांना वेग यायचा. पाणी ती दुहेरी फडक्यातून गाळायची आणि फडक्यात अडकलेलं जे काही असेल ते उलटं धरून पुन्हा विहिरीत सोडायची. बारकं दिसत नसलं तरी ते जिवंत आहे, ह्याबद्दल तिला सूक्ष्मदर्शकाची गरज कधी पडली नाही. मी एमएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा तिनं मला बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, नेलं आणि देवासमोर नेम घ्यायला लावला, की मी माझ्या हातानं कुठलाही जीव मारणार नाही. “शिकायचं तेवडं शीक,” ती म्हणाली, “पर मेलेलं उचलायचं. मारायचं न्हाय.” अण्णांचा आक्षेप वेगळा होता. “माशीच्या अंगावरची क्यासं मोजाय दोन वर्सं कॉलेजात जायाचं? खुळी का काय ही पोरगी?” असं ते गिऱ्हाइकासमोर म्हणत, आणि गिऱ्हाईक हसलं की त्यांनाही बरं वाटे.

खरं सांगायचं तर केस मोजायचंच ते काम होतं, आणि मला ते फार आवडलं. माशी हातानं हाकलायची गोष्ट, असं सगळ्यांना वाटतं. तिला भिंगाखाली धरा, मग कळेल. पाठीवर काळे राठ केस उभे असतात, आणि ते वाटेल तसे उगवलेले नसतात. त्यांच्या रांगा असतात, रांगेत जागा असतात, जागांना नावं असतात. मधली रांग, तिच्या बाजूची रांग, खांद्यावरचे, मागच्या तिकोनी ढालीवरचे. एका जातीला मधल्या रांगेत शेवटी एक ठळक जोडी, तिच्या चुलत बहिणीला ती नाही. रंग उडतो, आकार पोटात काय गेलंय त्यावर बदलतो, पण केसांच्या जागा आईच्या पिढीतून लेकीच्या पिढीत तशाच येतात. डासाच्या अळीवरही असंच, गोचिडाच्या नात्यातल्या बारक्या किड्यांवर असंच. गांडुळावरून उलटं बोट फिरवा, त्याचेही काटे बोटाला लागतात, आणि तेही मोजून जात ठरवतात. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा वाटलं, कुणीतरी आपल्याला घराची किल्ली दिली. अजूनही वाटतं. माणसांबद्दल माझं मत आयुष्यभर खाली खाली जात राहिलं, माशीबद्दल कधी गेलं नाही.

हे शिकवणारे आमचे इंगवले सर. पाठांतर दांडगं होतं त्यांचं, एवढं श्रेय देते. केसांची सगळी नावं घडघडा म्हणत, आणि म्हणताना समोर कुणी मोठं माणूस असेल तर दुप्पट वेगानं. पण सरांनी स्वतः माशी टाचणीवर लावलेली मी कधी पाहिली नाही. हात थरथरत. ते काम दस्तगीरमामू करत. दस्तगीरमामू प्रयोगशाळेचे शिपाई. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांचाच बारीक चिमटा मामूंच्या खिशात असे. त्या चिमट्यानं ते माशीचा पंख असा उलगडत की बघणाऱ्यानंच श्वास धरावा. चौथीपर्यंत शिकलेले, पण अक्षर मोत्याचं. संग्रहातल्या प्रत्येक टाचणीखालची चिठ्ठी त्यांच्या हातची, आणि लॅटिन नाव सर चुकीचं सांगत तर मामू जुनी चिठ्ठी काढून मुकाट्यानं बरोबर लिहीत. नऊ वर्षं ते हंगामी होते. त्या वर्षी कायम करायच्या यादीत त्यांचं नाव आलं होतं, आणि त्या आनंदात त्यांनी सगळ्या विभागाला भजी खिलवली होती. सरांनी सहा खाल्ली. मला मामू ‘अक्का’ म्हणत, आमच्याकडच्या मुलींना म्हणतात तसं. पुढं काय झालं ते वाचताना एवढं लक्षात ठेवा, की त्या इमारतीत मी ज्याला मनातून मान देत होते असा एकच माणूस होता, आणि तो सर नव्हता.

सरांनी मला विषय दिला गुऱ्हाळावरच्या माश्यांचा. का, तर माझे वडील गुळाचे अडते, म्हणजे गुऱ्हाळांत शिरायला चिठ्ठीचपाटी लागणार नाही. संशोधनाचे विषय आमच्याकडं असेच ठरत. त्यांनी मला जाळी दिली आणि विषारी वाफेची बाटली दिली. त्या बाटलीत माशी टाकली की ती अर्ध्या मिनिटात कोरडी, स्वच्छ, सगळ्या केसांसकट मरते. मी दोन्ही पिशवीत घातलं आणि एसटीनं कोडोलीला गेले, अण्णांच्या एका शेतकऱ्याच्या गुऱ्हाळावर. उसाच्या रसाच्या काहिलीखाली जाळ ढणढणत होता, वाफेनं चष्मा भरत होता, आणि गुळव्या उघड्या अंगानं रस ढवळत होता. मी बाटली काढली आणि परत ठेवली. नेम आठवला. मग बाजूला काकवीचं पिंप होतं, त्याच्या काठाशी डोकावले. गोडाच्या लोभानं येऊन बुडून मेलेल्या माश्या त्यात तरंगत होत्या. मारलेल्या नव्हत्या, मेलेल्या होत्या. मला तर देवच पावला. गुळव्या म्हणाला, “पावणं, त्या मेलेल्या माश्या कशाला गोळा करतायसा? जित्त्या किती बी हायत की हितं.” मी म्हटलं, शास्त्राला मेलेल्याच लागतात. तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. शहाणा होता.

घरी येऊन त्या चिकट माश्या मी कोमट पाण्यात टाकल्या, आणि रंगाच्या दुकानातून सगळ्यात बारीक ब्रश आणून एकेक माशी धुतली. डोक्याकडून मागं, अलगद, आई मूर्ती पुसते तशी. फार काळजी घेतली म्हणून मी खूशही होते. पण काकवी वाळली की दगड होते, आणि पाठ संपून ढाल सुरू होते तिथं माशीला एक खाच असते. काकवी साठून बसायची ती नेमकी तिथं. तिथल्या जोडीभोवती तिचा खडा झालेला, आणि माझा ब्रश खडा काढायचा तो केसांसकट. आज हे मला डोळे मिटून दिसतं. तेव्हा नाही दिसलं. सात माश्या निघाल्या एकाच जातीच्या. मामूंनी त्या टाचणीवर लावल्या. लावताना एकदा बोटाकडं बघून ते म्हणाले, “अक्का, चिकाट लागतंय काय तरी.” मी म्हटलं, गुऱ्हाळातल्याच आहेत ना मामू. त्यांनी बोट पुसलं आणि पुढची माशी घेतली. सरांना मी सांगितलं की जाळीनं पकडल्या, बाटलीत मारल्या. खोटं बोलायला मला अजिबात जड गेलं नाही. आईचा नेम जीव मारण्याबद्दल होता, जीभ कशी वापरायची ह्याबद्दल त्यात काही नव्हतं.

सरांनी भिंगातून बघितलं, पुस्तक उघडलं, पुन्हा बघितलं आणि खुर्चीतून उठले. मधल्या रांगेतली शेवटची जोडी नाही! बाकी सगळं एका माहीत असलेल्या जातीसारखं, पण ती जोडी नाही. सातपैकी सहा माश्यांना दोन्ही केस नव्हते, सातवीला डावीकडचा एक होता. शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता, हा एक कुठून आला? सरांनी तिला ‘अपवादात्मक विकृती’ म्हटलं आणि तसं निबंधात लिहिलंही. आठ दिवसांत निबंध तयार झाला, पंधराव्या दिवशी तो परदेशातल्या नियतकालिकाकडं रवाना झाला, आणि त्या पंधरा दिवसांत सर आबासाहेबांच्या बंगल्यावर चार वेळा जाऊन आले. आबासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. तालमी, पतसंस्था, शाळा, कॉलेजं, सगळीकडं त्यांचं नाव होतं, फक्त निसर्गात नव्हतं. ती उणीव सरांनी भरून काढली. माशीला आपलं नाव देणार म्हटल्यावर एखाद्यानं विचारलं असतं, माशीच का? आबासाहेबांनी विचारलं, “किती मोटी हाय?” सर म्हणाले, छोटी आहे, पण नाव कायमचं राहतं, जग बुडेपर्यंत. मग ठरलं, आबासाहेबांच्या वाढदिवसाला सत्कार. त्याच सुमाराला आमच्या विभागात प्रयोगशाळा-सहायकाची जागा निघाली होती, आणि सरांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. ती जागा मला हवी होती. पगारापेक्षा तो सूक्ष्मदर्शक हवा होता. शिक्षण संपल्यावर तो मला पुन्हा कुठं मिळणार होता? अडतीवर?

निबंध गेल्यानंतर आठवड्याभरानं मामूंनी मला हाक मारली. दुपारची वेळ, विभागात कुणी नव्हतं. त्यांनी पहिली माशी भिंगाखाली ठेवली होती. दिवा नेहमीसारखा वरून नव्हता, उचलून टेबलाच्या कडेला, अगदी माशीच्या पातळीवर आणून ठेवला होता. “बगा,” ते म्हणाले. मी डोळा लावला. तिरप्या उजेडात माशीची पाठ डोंगरासारखी दिसत होती, आणि खाचेच्या अलीकडं, जिथं काही नसायला हवं होतं, तिथं दोन गोल खळगे होते. कडा नीट, आत सावली. माशीचा मोठा केस असाच खळग्यात बसवलेला असतो. केस मोडला, पडला तरी खळगा राहतो. ज्या जातीला तो केस मुळातच नाही, तिला खळगाही नसतो. “केस जातोय अक्का,” मामू म्हणाले, “पर त्याचं घर जाईत न्हाय.” मी एकेक करून साती माश्या बघितल्या. सातींना खळगे. मामूंनी विचारलं, “ब्रश मारलासा व्हय?” मी सगळं सांगितलं, नेम, पिंप, कोमट पाणी. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “सरांस्नी सांगा,” ते म्हणाले, “निबंद छापाय अजून टाइम हाय. आत्ता सांगितलंसा तर काय हुईत न्हाय. चूक मानसाचीच हुती की.” मी म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी सर सत्कारासाठी फेट्याचा रंग ठरवायला गेले होते. तिसऱ्या दिवशी निमंत्रणपत्रिका छापून आल्या. चौथ्या दिवशी मी ठरवलं की जागा भरली की सांगायचं. आपली भीती पुढं ढकलायला माणसाला किती सोयीच्या तारखा सापडतात!

सत्काराच्या आधी सहा दिवस परदेशातून पत्र आलं. नियतकालिकानं निबंध एका तज्ज्ञाकडं पाठवला होता, आणि त्या भल्या माणसानं चारच ओळी लिहिल्या होत्या. त्या जागी खळगे आहेत का, ते कृपया तिरप्या प्रकाशात तपासावं. नेमकी इथं माशी शिंकली. सरांनी दार लावून तपासलं. मग आम्हा दोघांना आत बोलावलं. त्यांचा चेहरा मी विसरले नाही. चुकल्याची लाज त्यात कुठं नव्हती, होती ती फक्त कुणाच्या गळ्यात घालायचं ह्याची घाई.

“ह्या माश्या कुणी धुतल्या?” सरांनी विचारलं. विचारलं दोघांना, बघत होते मामूंकडं.

“म्या न्हाय धुतल्या,” मामू म्हणाले. “अक्कांनी घरातनंच धुऊन आनलेल्या.” आवाज साधा होता. चुगली नव्हती ती, विचारलेल्याचं उत्तर होतं. आणि मग ते माझ्याकडं वळले, मी पुढचं सांगेन म्हणून थांबले.

मी टेबलावरच्या काचेकडं बघत होते. काचेखाली सरांचा आबासाहेबांबरोबरचा फोटो होता.

“सुनंदा?” सर म्हणाले. “तू तर बाटलीत मारल्या होत्यास. मग धुवायचा प्रश्न येतो कुठं?”

ह्याचं उत्तर देण्यासाठी मला फक्त दोन शब्द लागले असते. “बाटली नव्हती.” मला ती जागा दिसली, तो सूक्ष्मदर्शक दिसला, फेटे दिसले. मी गप्प राहिले. मामू वाट बघत होते.   मग त्यांनी मान वळवली, आणि त्यानंतर त्या खोलीत ते माझ्याकडं बघेनासे झाले.

“पोरीवर ढकलताय?” सर मोठ्यानं म्हणाले. सुटका झालेला माणूसच असा मोठ्यानं बोलतो. “नऊ वर्षं झाली दस्तगीर, अजून अक्कल नाही. संस्थेच्या संग्रहाला ब्रश लावायचा नसतो, एवढं तुम्हांला कळत नाही?”

“कळतंय की सर,” मामू म्हणाले. “मला कळतंय.”

सरांनी त्याच दिवशी परदेशी पत्र लिहिलं, की एका अप्रशिक्षित सेवकाच्या निष्काळजीपणामुळं नमुने खराब झाले आहेत, सबब निबंध मागं घेत आहोत. टंकलेखन मीच केलं. मामूंचं नाव कायम करायच्या यादीतून गेलं आणि त्यांची रवानगी संस्थेच्या गडहिंग्लजच्या वसतिगृहावर झाली, पहारेकरी म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक एवढाच की आमच्या गोष्टीत चोरानं फाशीची दोरीही टंकून दिली.

निबंध गेला, माशी गेली, सत्कार मात्र झाला. पत्रिका छापल्या होत्या ना! छापलेली पत्रिका आमच्याकडं शास्त्रापेक्षा पवित्र. मांडव, फेटे, हलगी, आणि चित्रकलेच्या सरांनी बनवलेली थर्माकोलची माशी, म्हशीएवढी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. केसांसाठी केरसुणीच्या काड्या वापरल्या होत्या. चित्रकलेच्या सरांना कुठल्या माशीला कुठं केस ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्यांनी आपल्या सौंदर्यदृष्टीनुसार खोचल्या होत्या. मी जवळून जाताना सवयीनं बघितलं. मधल्या रांगेत शेवटची जोडी होती, दोन्ही काड्या ताठ. म्हणजे ज्या जोडीच्या नसण्यानं आबासाहेब अमर होणार होते, ती त्यांच्याच मिरवणुकीत त्यांच्या पुढं चालली होती, आणि एवढ्या गर्दीत ते कळलेली माणसं दोन, सर आणि मी. तिसरा गडहिंग्लजच्या गाडीत होता. आबासाहेब भाषणात म्हणाले, “माशी ल्हान आसंल, पर तिचं काम मोटं हाय. तिच्यासारकं कष्ट करा!” माशी कसले कष्ट करते हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्यांना त्या दिवशी शाल मिळाली. ती टोचणारीच असणार.

त्या रविवारी घरी जेवताना मी अण्णांना आणि आईला सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही. कुणीतरी रागवावं असं वाटत असावं. अण्णांनी भाकरी मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू काय कुनाला मारलं न्हाईस न्हवं? मग झालं. शिपाई काय, आज हितं, उद्या तितं. तू आपली नोकरी धर.” बाजारात ढेप कोपऱ्यानं फोडून आत भेसळ असली तर शेतकऱ्याला चारचौघांत झापणारे आमचे अण्णा! घरातली ढेप त्यांनी फोडली नाही. आईनं ताटं उचलली, उन्हं होती तोवर भांडी घासली. मग पाणी गाळायला बसली आणि फडकं पिळता पिळता, माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुजा नेम मी सोडवला. आता मार, न्हायतर काय बी कर. मी ईच्यारत न्हाय.” मी तिची समजूत घालायला गेले, तर ती उठून फडकं घेऊन विहिरीकडं गेली. ती त्यानंतर सव्वीस वर्षं जगली. माझ्या कामाबद्दल तिनं खरंच कधी विचारलं नाही.

जागा मला मिळाली. त्या विभागात मी तीस-बत्तीस वर्षं काढली, सहायकाची लवकरच प्राध्यापक आणि पुढं विभागप्रमुखही झाले, सर गेल्यावर त्यांच्या फोटोला हारही घातला. त्या सात माश्या मी कधी फेकल्या नाहीत. दरवर्षी नव्या मुलांना मी पहिली माशी दाखवायची, दिवा कडेला ठेवून, आणि खळगे मोजायला लावायची. केसांवर नुसता विश्वास ठेवू नका, आधी जागा बघा, असं सांगायची. मुलं लिहून घ्यायची. ह्या कशा धुतल्या गेल्या, असं एखादी चुणचुणीत मुलगी विचारायची, तेव्हा मी म्हणायची, जुनी गोष्ट आहे. सरांना मी आयुष्यभर तुच्छ लेखलं, आबासाहेबांना लेखलं, आणि त्या तुच्छतेच्या बळावर माझी मान ताठ राहिली. हे पुष्कळांचं होत असावं.

नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी मला परीक्षक म्हणून गडहिंग्लजला जावं लागलं. प्रात्यक्षिक परीक्षा उरकून स्टँडवर आले, आणि चहाच्या गाड्यापाशी मामू उभे होते. दाढी पांढरी झाली होती, अंगात वसतिगृहाचा खाकी कोट. मला पळून जावंसं वाटलं, पण त्यांनी बघितलं होतं. मी जवळ गेले. काय बोलावं ते सात वर्षं मनात घोळवलेलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. मी विचारलं, “कसे आहात मामू?”

“बरं हाय,” ते म्हणाले. चहावाल्याला त्यांनी एक बोट दाखवलं, मग माझ्याकडं बघून दुसरं. माझा चहा त्यांनी माझ्या हातात दिला. मी घोटभर प्यायले. मग तेच म्हणाले, “त्या माश्या हायत का अजून?”

“आहेत,” मी म्हटलं. “साती आहेत. तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. मी पोरांना दाखवते दरवर्षी.” मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांनी चहा संपवला, पेला गाड्यावर उपडा ठेवला. कोल्हापूरची गाडी लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता. माझी पिशवी त्यांनी उचलून दारात ठेवली.

“धुऊ नका, मॅडम,” ते म्हणाले, आणि वसतिगृहाच्या रस्त्यानं चालू लागले.